दिवा गेला म्हणून घरी बसायचं?

गेल्या पावसाळ्यात बैठक आटोपून रात्री साडेआठला निघाले, आणि फाट्यावर माझ्या मोटरसायकलचा हेडलाईट गेला. हॉर्न चालू, इंडिकेटर चालू, पुढे मिट्ट काळोख. दुसऱ्या दिवशी गॅरेजवर गेले तर मेकॅनिक म्हणाला, "साहेबांना पाठवा, त्यांना सांगतो." गाडी माझी, लायसन माझं, हप्ते मी फेडलेले! संध्याकाळी सगळी वायरिंग बदलल्याचं बिल हातात आलं. आठच दिवसांत दिवा पुन्हा गेला. या वेळी एका मैत्रिणीनं बल्बमागचा कपलर उघडला. जुनाच होता तो, पिनेवर हिरवा गंज. पॉलिश पेपरनं घासला, दिवा लागला.

घरी मात्र प्रश्न एकच: "रात्रीची जातेसच कशाला?"

मैत्रिणींनो, राग येतो तो इथे. दिवा बिघडला की पुरुषाला सल्ला मिळतो आणि बाईला बंदी. नर्सताई रात्री बाळंतपणाला निघते, कामगार बाई दुसऱ्या पाळीवरून परतते. त्यांनी काय करायचं?

आणि हे ज्ञान असं काय अवघड आहे? शिलाई मशीन अडलं की आपण आधी सुई बघतो, मग दोरा, मग बॉबिन. इथेही तसंच, एकेक पायरी.

अप्पर लागतो पण डिपर लागत नाही? हॅलोजन बल्बात दोघांच्या तारा वेगळ्या असतात. त्यातली एक तुटली असेल, नाहीतर हँडलवरचा स्विच खराब. दोन्ही बंद? आधी फ्यूज बघा. उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. जाड तार किंवा चांदीचा कागद लावाल तर वायरिंग पेटेल. फ्यूज शाबूत असेल तर इंडिकेटरच्या बल्बला दोन वायरी जोडा, झाला टेस्ट लॅम्प. बल्बचा कपलर काढून, गाडी व दिवा चालू ठेवून, एक वायर अर्थच्या पिनेला आणि दुसरी डिपरच्या पिनेला लावा. पेटला तर करंट येतोय, दोष हेडलाईटच्या बल्बात. नाही पेटला तर अर्थची वायर काढून इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवा. आता पेटला तर अर्थिंग गेलंय. तरीही नाही पेटला तर स्विच बघा, किंवा हँडलपाशी वाकून वाकून आतून तुटलेली वायर. हँडल फिरवताना दिवा मिचकत असेल तर ती तिथेच सापडेल.

बल्ब वरचेवर जात असेल तर नुसते बल्ब बदलत बसू नका. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण 13.5 ते 14.5 व्होल्ट हवेत. 15च्या वर जात असतील तर रेग्युलेटर बिघडलाय. पुष्कळ जुन्या गाड्यांत मात्र हेडलाईट थेट मॅग्नेटोवर चालतो. तिथे इंजिन मंदावलं की दिवाही मंदावतो. तो बिघाड नव्हे. त्यासाठी पैसे मोजू नका.

बस, एवढंच. पण हे आपल्याला कुणी सांगितलं? जाहिराती बाईला गाडीचा रंग दाखवतात, फ्यूजची डबी नाही. मुलगा पाना घेऊन गाडीशी बसला तर हुशार, मुलगी बसली तर "कपडे काळे होतील." आणि आपणही कमी नाही. बाईच्या स्वातंत्र्यावर तासन्‌तास बोलतो आणि गाडी अडली की भावाला फोन लावतो.

1 एप्रिल 2017पासून देशात नव्या दुचाकींना इंजिनाबरोबर आपोआप लागणारा हेडलाईट सक्तीचा झाला. दुचाकी भरदिवसासुद्धा दिसली पाहिजे, असं सरकारला वाटलं. ती चालवणारी बाई मात्र अंधार पडल्यावर दिसूच नये, असं समाजाला वाटतं!

हे मान्य करायचं नसेल तर पुढच्या बैठकीला एक स्क्रू ड्रायव्हर, एक टेस्ट लॅम्प आणि कुणाचीतरी गाडी आणा. भाषणं अर्धा तास कमी करा. प्रत्येकीनं स्वतःच्या हातानं कपलर काढून, बसवून बघावा. मग "रात्री जाऊ नकोस" म्हणणाऱ्याला गाडीवर बसूनच उत्तर देता येईल, दिवा लावून.