अपील म्हणजे स्थगिती नव्हे

लोकप्रतिनिधीच्या विरोधात निकाल लागला की त्याचे समर्थक ठरलेले उत्तर देतात: प्रकरण वरच्या कोर्टात आहे. वर अर्ज पोचला की खालचा निकाल आपोआप थांबतो, असे त्यांनी गृहीतच धरलेले असते. दिवाणी प्रक्रिया संहितेतला आदेश ४१, नियम ५ नेमका याच्या उलट सांगतो. नुसते अपील दाखल केल्याने हुकूमनाम्याची अंमलबजावणी थांबत नाही; त्यासाठी सबळ कारण दाखवून स्थगितीचा वेगळा आदेश आणावा लागतो. घर रिकामे करण्याचा हुकूम झालेल्या भाडेकरूला हे पक्के ठाऊक असते. सार्वजनिक पदावरच्या माणसाला हा नियम अधिकच काटेकोरपणे लागू व्हायला हवा, कारण त्याचे पद मुदतीचे असते आणि खटला चालू आहे म्हणून मुदत थांबत नाही.

मुंबई महापालिकेच्या २०१७ च्या निवडणुकीनंतर राखीव जागांवरच्या काही नगरसेवकांची जातप्रमाणपत्रे पडताळणीत अवैध ठरली. मालाडचा प्रभाग ३२ त्यांतलाच. अशा प्रकरणांत पडताळणी समिती, मग उच्च न्यायालय, मग सर्वोच्च न्यायालय असा प्रवास होतो आणि त्यात वर्षे जातात. त्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपलीदेखील. राज्याच्या २००१ च्या जातप्रमाणपत्र कायद्यानुसार अशी निवड पूर्वलक्षी प्रभावाने रद्द होते. पण हे झाले कागदावर. मधल्या काळात अर्थसंकल्पावर दिलेले मत परत घेता येत नाही; मालाडच्या पी-उत्तर विभागाच्या प्रभाग समितीत मंजूर झालेली कामे आणि गटार-लादीकरणावर खर्च झालेला नगरसेवक निधी यांचेही तेच. ज्या मागासवर्गीय नागरिकांसाठी ती जागा राखून ठेवली होती, त्यांची गेलेली वर्षे कुठल्याही निकालाने भरून येत नाहीत. ‘भरून न येणारे नुकसान’ हा स्थगिती मागणाऱ्याचा आवडता शब्दप्रयोग आहे. त्या नुकसानीच्या हिशेबात मतदार कधीच धरला जात नाही. राज्यकर्त्यांनी तरी हे ओळखायचे, तर कोल्हापूरच्या नगरसेवकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये सहा महिन्यांत वैधता प्रमाणपत्र देण्याची अट बंधनकारक ठरवताच सरकारने ती मुदतच बारा महिन्यांवर नेली.

सर्वांत वजनदार आक्षेप असा की, उद्या अपिलात माणूस निर्दोष सुटला तर? हा आक्षेप मी हलक्याने घेत नाही. राहुल गांधी २३ मार्च २०२३ रोजी सुरतेत दोषी ठरले, दुसऱ्याच दिवशी त्यांची खासदारकी गेली, आणि सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली ती ४ ऑगस्टला. मधले चार महिने वायनाडला लोकसभेत खासदार नव्हता. पण यावरून सिद्ध होते ते एवढेच, की स्थगितीच्या अर्जावर सुनावणी लवकर व्हायला हवी. निकाल बासनात बांधून ठेवावा, असे त्यातून निघत नाही. अपील केले की आमदार-खासदारांना आपसूक मिळणारे संरक्षण सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०१३ रोजी लिली थॉमस खटल्यात घटनाबाह्य ठरवले, तेही याच विचाराने: उमेदवाराला एक नियम आणि निवडून आलेल्याला दुसरा, असे चालणार नाही.

दुसरा आक्षेप पोटनिवडणुकीच्या खर्चाचा. मुख्यमंत्र्यांच्या कोट्यातल्या सदनिकेच्या १९९५ मधल्या प्रकरणात आमदार माणिकराव कोकाटे यांना २० फेब्रुवारी २०२५ रोजी नाशिकच्या न्यायालयाने दोन वर्षांची शिक्षा सुनावली. ५ मार्चला सत्र न्यायालयाने दोषसिद्धी स्थगित केली, तेव्हा हा खर्चाचा मुद्दाही विचारात घेतला गेला. डिसेंबरमध्ये सत्र न्यायालयाने अपील फेटाळले. मग सर्वोच्च न्यायालयाच्या स्थगितीने आमदारकी टिकली. म्हणजे अंतिम शब्द अजून यायचा आहे. पण खर्चाचे कारण मान्य केले, तर प्रत्येकच आमदार अपिलापुरता सुरक्षित होतो, कारण पोटनिवडणूक प्रत्येकच मतदारसंघात खर्चिक असते. मला अधिक खटकतात ते २० फेब्रुवारी ते ५ मार्चमधले दिवस. दोषसिद्धीला स्थगिती नव्हती, तरी अपात्रतेची अधिसूचना निघाली नाही. सावनेरचे आमदार सुनील केदार २२ डिसेंबर २०२३ रोजी दोषी ठरले तेव्हा ती दोन दिवसांच्या आत निघाली होती. एकच कायदा, एकच विधानसभा, आणि वेग मात्र निराळा.

यावर वाट आहे आणि ती जुनीच आहे. २४ जून १९७५ रोजी न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी इंदिरा गांधींना सशर्त स्थगिती दिली: सभागृहात बसा, पण खासदार म्हणून मतदान नाही आणि मानधनही नाही. तीच रीत आज नेमाची करता येईल. स्थगितीचा अर्ज तीस दिवसांत कारणांसह निकाली निघावा. तोवर मत नाही, मंत्रिपद नाही, निधीच्या शिफारशीवर सही नाही. आणि तोवर पोटनिवडणूकही नाही, म्हणजे सुटणाऱ्याची जागा शाबूत राहील. अधिसूचना काढायला विधानसभा अध्यक्षांना दिवसांची मर्यादा घालून द्यावी. राखीव प्रभागांत तर याहून सोपे आहे: वैधता प्रमाणपत्र निवडून आल्यावर मागण्याऐवजी उमेदवारी अर्जासोबतच घ्यावे, आणि पडताळणी समित्यांना त्यासाठी पुरेसे मनुष्यबळ द्यावे.