ईईजी नॉर्मल आला म्हणून आजार खोटा ठरत नाही

फिट म्हटली की जमिनीवर पडलेला, तोंडाला फेस आलेला माणूसच आपल्याला आठवतो. पण मोठ्या माणसांत फिट बऱ्याचदा मेंदूच्या एकाच भागातून सुरू होते. हीच फोकल एपिलेप्सी. यात माणूस पडेलच असे नाही. पोटातून काहीतरी वर आल्यासारखे वाटते, तो एकटक बघत राहतो, ओठ चावतो, कपडे चाचपतो, हाकेला ओ देत नाही. मिनिट-दोन मिनिटांत सगळे थांबते आणि नंतर त्याला काही आठवत नाही. वस्तीत काम करताना आम्ही बघतो, बाईला असे झाले की 'अंगात आले', पुरुषाला झाले की 'प्यायलाय' आणि कामावर झाले की 'नाटक करतो'.

आम्ही देवऋषीच्या विरोधात बोलतो, ते बोललेच पाहिजे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. पण पेशंट दवाखान्यात गेला म्हणजे प्रश्न संपला असेही नाही. तिथे साधारण वीस-तीस मिनिटांचा ईईजी निघतो, रिपोर्टवर 'नॉर्मल' लिहिलेले असते आणि घरचे म्हणतात, "मशीननेच सांगितले, काही नाही." देवऋषीचा दरवाजा पुन्हा उघडतो.

इथे चिकित्सा हवी. ईईजी डोक्यावर लावलेल्या तारांतून मेंदूतील विजेच्या लहरी टिपतो. दोन फिटांच्या मधल्या काळात बिघाडाची लहर उमटेलच याची खात्री नसते. बिघाड मेंदूत खोलवर असेल तर तो कवटीवरच्या तारांपर्यंत पोहोचतही नाही. त्यामुळे एपिलेप्सी असलेल्या जवळपास निम्म्या लोकांचा पहिला ईईजी नॉर्मल येऊ शकतो. उलट, रिपोर्टमध्ये किरकोळ फरक दिसला म्हणून एपिलेप्सी सिद्ध होत नाही. निदानाचा पाया म्हणजे फिट पाहणाऱ्याने सांगितलेली हकीकत. शंका उरली तर झोपेतला ईईजी, पुन्हा ईईजी किंवा काही दिवसांचा व्हिडिओ-ईईजी करतात. कारण शोधायला एमआरआय लागतो.

अडचण इथेच आहे. व्हिडिओ-ईईजी मोठ्या शहरांत आणि रोजंदारीवाल्याची मजुरी गावात. दवाखान्यात काढलेला प्रत्येक दिवस म्हणजे बुडालेला रोज. म्हणून जिल्हा रुग्णालयात ईईजी मशीन आणि तो वाचणारा डॉक्टर असावा, ही आपली मागणी असली पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते योग्य उपचार मिळाले तर ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण फिटमुक्त जगू शकतात. एपिलेप्सीच्या कारणावरून लग्न रद्द ठरवण्याची हिंदू विवाह कायद्यातली तरतूदही १९९९ मध्ये निघाली. मग आजार लपवायचा कशाला?

तोवर कार्यकर्त्यांनी एवढे तरी करावे. फिट आली की आधी माणसाला धोक्यापासून दूर घ्या, तोंडात काही घालू नका, नाकाला कांदा-चप्पल लावू नका. दुसऱ्याला मोबाईलवर व्हिडिओ काढायला सांगा, वेळ मोजा. पाच मिनिटांत थांबली नाही तर लगेच दवाखाना गाठा. तो व्हिडिओ डॉक्टरांना दाखवा आणि रिपोर्ट नॉर्मल असला तरी विचारा, "मग फिट कशामुळे येते?"