आधी चष्मा, मग बंदूक

भाऊबीज उलटली की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत मंडयांचा हंगाम सुरू होतो. सौंदड, सडक अर्जुनी, साकोली या पट्ट्यात आज या गावची मंडई, उद्या त्या गावची. दिवसा दुकाने आणि पाळणे, रात्री नाटक. या गर्दीत दोन तऱ्हेच्या बंदुका हमखास दिसतात. एक फुगे फोडायची. तिच्या शेजारी मालक उभा असतो, छर्रा तोच भरतो आणि नळी फळ्याकडेच राहील याची काळजीही तोच घेतो. दुसरी खेळण्यांच्या दुकानात लटकणारी, काळ्या प्लास्टिकची. तिच्याबरोबर पिवळ्या किंवा पांढऱ्या गोळ्यांची पुडी मिळते. ही बंदूक पोट्टा पिशवीत घालून घरी नेतो आणि तासाभरात धाकट्या भावाच्या पाठीवर नेम धरतो.

ही दुसरी बंदूक म्हणजे एअरसॉफ्ट नावाच्या खेळाचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत बेभरवशाचा अवतार आहे, हे विकणाऱ्याला ठाऊक नसते आणि घेऊन देणाऱ्या बापालाही नसते. गोळी तीच, सहा मिलिमीटर व्यासाची. जगभर या गोळीचा रीतसर खेळ होतो. मैदान आखलेले असते, पंच असतात आणि प्रत्येकाच्या डोळ्यांवर जाड चष्मा असतो. आपल्याकडे गोळी आली, खेळाचे नियम मात्र वाटेतच राहिले. त्यात आता मोबाइलवरच्या फ्री फायर आणि बीजीएमआय या बंदुकांच्या खेळांची भर पडली आहे. नववी-दहावीतल्या मुलाला बंदुकांची नावे पाढ्यांपेक्षा चांगली येतात आणि पडद्यावरची ती वस्तू एकदा तरी हातात धरावी असे त्याला वाटते. या वाटण्यात पाप काही नाही. प्रश्न आहे तो सुरुवात कुठून करायची, याचा.

एअरसॉफ्टचा जन्म जपानचा. तिथल्या १९५८ च्या कायद्याने सामान्य माणसाला खरी बंदूक जवळजवळ अप्राप्य केली, म्हणून हौशी लोकांनी नकली बंदुकांवर तहान भागवली. १९७० च्या दशकात प्लास्टिकची गोळी मारणाऱ्या बंदुका बाजारात आल्या आणि त्यांच्याभोवती ‘सर्व्हायव्हल गेम’ नावाचा खेळ उभा राहिला. तोक्यो मारुई या कंपनीने १९९१ मध्ये फ्रेंच फामास रायफलीच्या रूपातली बॅटरीवर चालणारी बंदूक काढली आणि खेळाचे रूपच पालटले. चाप दाबला की आतली मोटर दातेरी चाकांमार्फत स्प्रिंग मागे ओढते, सोडते, दट्ट्या पुढे येतो आणि हवेच्या दाबाने गोळी सुटते.

या खेळात एक गोष्ट विलक्षण आहे. पेंटबॉलमध्ये अंगावर रंग फुटतो, त्यामुळे कुणाला लागले हे सगळ्यांना दिसते. एअरसॉफ्टची गोळी खूण ठेवत नाही. ज्याला लागली त्यानेच हात वर करून ‘हिट’ म्हणायचे, लाल फडके डोक्यावर धरायचे आणि मैदानाबाहेर जायचे. म्हणजे अख्खा खेळ खेळाडूच्या सचोटीवर उभा. गल्ली क्रिकेटमध्ये ‘बॅटला लागलाच नाही’ म्हणून तासभर भांडणाऱ्या आपल्या समाजात हे कसे चालेल, अशी शंका येते. पण कदाचित त्यासाठीच ते चालवून पाहावे.

नवख्याने पहिली खरेदी कसली करावी? विकणाऱ्यांच्या जाहिराती बंदुकीपासून सुरू होतात. जाणते खेळाडू चष्म्यापासून सुरू करतात, आणि त्यांचेच बरोबर आहे. हिशेब सोपा आहे. ०.२० ग्रॅमची गोळी सेकंदाला १०० मीटर वेगाने सुटली तर तिची ऊर्जा बरोबर एक जूल भरते. कपड्यावर ती चिमटा घेतल्यासारखी लागते, उघड्या कातडीवर लाल वळ उठवते. डोळ्यावर लागली तर बुबुळ फाटू शकते, आत रक्त साकळू शकते, दृष्टी जाऊ शकते. उन्हाचा गॉगल इथे उपयोगाचा नाही. काच फुटली तर तिचे तुकडेच डोळ्यात जायचे. लागतो तो पॉलिकार्बोनेटचा, डोळ्यांभोवती चहूबाजूंनी बसणारा, आघाताच्या चाचणीत टिकलेला चष्मा. त्यावर अमेरिकेच्या ‘झेड ८७.१’ किंवा युरोपच्या ‘ईएन १६६’ मानकाची खूण आहे का, हे पाहावे. बारीक जाळीचे चष्मे घामाने धुरकटत नाहीत म्हणून अनेकांना आवडतात, पण फुटलेल्या गोळीचा कण जाळीतून आत जाऊ शकतो. विदर्भातला घाम लक्षात घेतला तरी डोळ्यांसाठी भिंगाचा चष्माच बरा. जाळी हवी तर ती नाक, तोंड आणि दात झाकणाऱ्या खालच्या मुखवट्याला असू द्यावी. पुढचे दात पडलेल्या खेळाडूंच्या कहाण्या या खेळात पुष्कळ आहेत.

डोळ्यांचा हा आग्रह कुणाला अति वाटत असेल, तर त्याने शेजारच्या मध्य प्रदेशाकडे पाहावे. २०२५ च्या दिवाळीत तिथे प्लास्टिकच्या पाइपात कॅल्शियम कार्बाइड आणि पाणी घालून उडवायची ‘कार्बाइड गन’ रस्तोरस्ती विकली गेली. भोपाळसह अनेक शहरांत शंभराहून अधिक जणांच्या डोळ्यांना इजा झाली, त्यांत बहुसंख्य मुले होती. ती वस्तू वेगळी आणि धोकाही कितीतरी मोठा, हे खरे. पण खेळणे म्हणून विकले जाते त्याची कुणीच तपासणी करत नाही, हा रोग तोच. आपल्या गोंदिया जिल्ह्याची हद्द मध्य प्रदेशातल्या बालाघाटला लागून आहे आणि फेरीवाल्याला हद्द नसते.

बंदुकांबद्दल फार लिहायचे कारण नाही, कारण नवख्याला पर्याय थोडेच आहेत. स्प्रिंगची बंदूक दर गोळीला हाताने ओढावी लागते. स्वस्त, साधी, नेम शिकायला बरी. गॅसची बंदूक खऱ्यासारखा धक्का देते, पण तापमान वाढले की गॅसचा दाब वाढतो आणि दाबाबरोबर गोळीचा वेगही. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकणाऱ्या भागात ती नवख्याच्या हाती देऊच नये. उरते बॅटरीची, आणि जगभर नवख्याला तीच सुचवतात. परदेशात तिची सुरुवात साधारण दीडशे-दोनशे डॉलरपासून होते. तिची लिथियम बॅटरी उन्हात तापलेल्या डिकीत ठेवू नये आणि चार्जिंगला लावून झोपू नये, एवढे पथ्य पाळावे. गोळी ०.२० ग्रॅमऐवजी ०.२५ ची घेतली तर वाऱ्यात कमी भरकटते. नळीच्या मागच्या टोकाशी ‘हॉप-अप’ नावाचा रबरी तुकडा गोळीला उलटी फिरकी देतो आणि त्या फिरकीमुळे ती सरळ लांब जाते. क्रिकेटची फिरकी समजणाऱ्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही.

लंडनसारख्या ठिकाणच्या मराठी घरांतली मुले हे सारे सहज करू शकतात. त्यांनी पहिले चार-सहा खेळ मैदानावरच्या भाड्याच्या बंदुकीनेच खेळावेत, कारण बऱ्याच नवख्यांचा उत्साह तेवढ्यात ओसरतो.

आणि आपल्याकडे? १९५९ च्या शस्त्र कायद्यातली अग्निशस्त्राची व्याख्या फार ऐसपैस आहे. स्फोटकाच्या किंवा ‘अन्य प्रकारच्या ऊर्जेच्या’ जोरावर कसलाही प्रक्षेप्य मारणारे साधन तिच्यात बसते. स्प्रिंग ही ऊर्जाच, दाबलेला गॅसही ऊर्जाच. हवेच्या बंदुकीला परवान्यातून सूट मिळते ती दोन मापांवर: ऊर्जा २० जूलच्या आत आणि नळीचा व्यास ०.१७७ इंच, म्हणजे साडेचार मिलिमीटरपर्यंत. ऑलिम्पिकमधली दहा मीटर एअर रायफल साधारण साडेसात जूल ऊर्जेने शिशाचा छर्रा मारते आणि ती या सुटीत बसते. एअरसॉफ्टची बंदूक जेमतेम एक जूलची, गोळी प्लास्टिकची, पण व्यास सहा मिलिमीटर, म्हणून ती अडखळते. शिवाय २०१६ च्या शस्त्र नियमांनी खऱ्या बंदुकीसारख्या हुबेहूब दिसणाऱ्या नकलेचीही स्वतंत्र व्याख्या करून ठेवली आहे. शस्त्रे आयात करायला कायद्याच्या कलम १० खाली परवाना लागतो, त्यामुळे परदेशी संकेतस्थळावरून मागवलेले पार्सल सीमाशुल्क खात्यात अडकले तर आश्चर्य मानू नये. सातपट जोराच्या बंदुकीला मोकळीक आणि तिच्या सातव्या हिश्श्याला संशय, असा हा उफराटा न्याय आहे. आणि मंडईतल्या दुकानात त्याच मापाची गोळी कुणीही विचारपूस न करता विकली जाते.

गोंदिया जिल्ह्यातल्या सौंदडसारख्या जागी आणखी दोन गोष्टी जमेस धराव्या लागतात. पहिली जंगलाची. गावाच्या एका अंगाला नवेगाव, दुसऱ्या अंगाला नागझिरा. १२ डिसेंबर २०१३ रोजी दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला आणि मधल्या झुडपांतून, महामार्ग ओलांडून वन्यप्राण्यांची येजा चालते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३१ नुसार लेखी परवानगीविना अभयारण्यात शस्त्र नेता येत नाही, आणि त्या कायद्यातल्या ‘शस्त्रा’त प्राण्याला इजा करू शकणारे कोणतेही साधन येते. गस्तीवरचा वनरक्षक जूल मोजत बसणार नाही. मोरावर किंवा माकडावर गंमत म्हणून गोळी झाडणाऱ्याला गंमत कळेपर्यंत गुन्हा नोंदलेला असेल. शेतातही जपूनच. डिसेंबरात धान कापून झाल्यावर रिकाम्या बांध्या खेळायला आयत्या मैदानासारख्या दिसतात, पण साध्या प्लास्टिकच्या हजारो गोळ्या चिखलात वर्षानुवर्षे राहतील, आणि पऱ्हे लावणाऱ्या बाईला त्या वेचायला लावणारा खेळ कसला?

दुसरी गोष्ट पोलिसांची. गोंदिया जिल्हा कैक वर्षे नक्षलग्रस्त म्हणून ओळखला गेला. जिल्ह्याजिल्ह्यांत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) चे मनाई आदेश वरचेवर निघतात आणि इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू सार्वजनिक जागी बाळगायला त्यांत बंदी असते. अशा मुलखात सैनिकी छाप कपडे, तोंडाला मुखवटा आणि हाती एके-४७ ची नक्कल घेऊन चार पोरे माजी मालगुजारी (मामा) तलावाच्या पाळीवरून निघाली, तर लांबून पाहणाऱ्याने काय समजावे? अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये २२ नोव्हेंबर २०१४ रोजी तमीर राइस हा बारा वर्षांचा मुलगा बागेत एअरसॉफ्टचे पिस्तूल घेऊन खेळत होता. ते नकली असल्याचे दाखवणारे नारिंगी टोक निघालेले होते. पोलिसांची गाडी आली आणि दोन सेकंदांच्या आत त्याला गोळी लागली. दुसऱ्या दिवशी तो गेला. तिथल्या वंशभेदाचा त्या घटनेशी मोठा संबंध आहे, तो इथे जसाच्या तसा लावता येणार नाही. पण नळीच्या टोकावरचा तो नारिंगी तुकडा काळ्या रंगाने रंगवून टाकणाऱ्या हौशी मुलांच्या आईबापांनी ही तारीख ध्यानात ठेवावी.

यावर बंदी हा सरकारी खात्यांचा आवडता उपाय आहे आणि तो इथे चालणार नाही. बंदीने चांगली, चाचणी झालेली वस्तू येत नाही. मंडईतली येतच राहते. जपानने २००६ मध्ये सहा मिलिमीटरच्या गोळीसाठी ०.९८ जूल ही मर्यादा कायद्यात घातली आणि त्यापुढची बंदूक शस्त्र ठरवली. ब्रिटनने २००६ च्या कायद्याने हुबेहूब नकली बंदुकांच्या विक्रीला आळा घातला, पण नोंदणीकृत खेळाडूंना वाट मोकळी ठेवली. २०१७ मध्ये एअरसॉफ्टची व्याख्याच केली, सलग गोळ्या झाडणारीला १.३ जूल आणि एकेक झाडणारीला २.५ जूल. दोन्ही ठिकाणी ऊर्जा मोजली जाते. केंद्रीय गृहमंत्रालयाने शस्त्र नियमांत एक जूलपर्यंतच्या प्लास्टिक गोळीची वेगळी वर्गवारी केली, भडक रंगाची सक्ती केली, खेळ नोंदलेल्या कुंपणबंद मैदानापुरता ठेवला आणि खेळण्याच्या प्रत्येक खोक्यात चष्मा घालायला लावला, तर पोलिसांचेही काम हलके होईल. वेग मोजणारे क्रोनोग्राफ हे यंत्र तळहाताएवढे असते. ते वैधमापन खात्याच्या निरीक्षकाला दिले तर मंडईतली दुकानेही तपासता येतील.

तोवर सौंदडच्या मुलाने खऱ्यासारखी दिसणारी नक्कल विकत घेऊ नये, कुरिअरने तर मुळीच नाही. लपाछपी आणि डावपेचांची हौस असेल तर मोठ्या शहरांतली लेझर टॅगची केंद्रे आहेत. तिथे गोळीच नसते. नेमाची हौस असेल तर ती भागवायला कायदेशीर वाट आधीच आहे. महाराष्ट्राच्या शालेय क्रीडा स्पर्धांत रायफल शूटिंग आहे आणि त्यात महागड्या पीप साइटशिवाय, साध्या ओपन साइट एअर रायफलीचाही गट असतो. एनसीसीत .२२ रायफल हाताळायला मिळते. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचे कांस्यपदक जिंकणारा स्वप्निल कुसाळे कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, नेमबाजी शिकला नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत या नेमबाजही कोल्हापूरच्याच. म्हणजे नेमबाजी ही पैसेवाल्या शहरांचीच मिरास नाही, पण ती पिकली ती पश्चिम महाराष्ट्रात. १ मे १९९९ रोजी जन्मलेल्या गोंदिया जिल्ह्याच्या वाट्याला हे का येऊ नये, हे जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना विचारायला हवे.

एअर रायफलीला लागते दहा मीटरहून थोडी लांब पडवी, मागे जाड लोखंडी पत्रा किंवा वाळूच्या गोण्या, कागदी लक्ष्ये, दोन रायफली, मुलांइतके चष्मे आणि शनिवारी दोन तास देणारा एक प्रशिक्षक. महामार्ग आणि गोंदिया-बल्लारशा रेल्वे दोन्ही सौंदडवरून जातात, त्यामुळे देवरी ते साकोलीपर्यंतच्या शाळांना ही जागा सोयीची आहे. पुढच्या वर्षीच्या शालेय स्पर्धांच्या प्रवेशिका पावसाळ्यात भरल्या जातात. पडवी त्याआधी उभी राहू शकते.