यंत्राचे मौन

‘सर, माझ्या थोरल्या भावाने मोटारीचा सायलेन्सर घरीच, स्वतःच्या हाताने बदलला. आता गाडी कोपऱ्यावर आली की आवाजावरून ओळखू येते. यात चुकले काय?’ दहावीच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने मला हा प्रश्न केला. त्यात निम्मा अभिमान होता व निम्मी शंका होती. दोहोंचाही विचार व्हावयास हवा.

प्रथम अभिमानाविषयी. तो मला सर्वस्वी रास्त वाटतो. पुस्तकी विद्येला मान आणि हाताच्या विद्येची उपेक्षा, ही आपली जुनी खोड आहे. गोव्याच्या खाऱ्या हवेत लोखंड बाहेरून गंजते. पण सायलेन्सर आतूनही गंजतो. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ तितकेच पाणी वाफेच्या रूपाने निघते. गाडी थोडेच अंतर धावली तर नळी पुरेशी तापत नाही व ती वाफ आतच पाणी होऊन साचते. हे रसायनशास्त्र मज कलाशाखेच्या पदवीधराला माझ्याच गाडीच्या कुजलेल्या नळीने शिकवले.

ते काम म्हणजे संयमाची परीक्षाच होय. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. गाडी सपाट, टणक जमिनीवर उचलून भक्कम स्टँडवर टेकवावी. केवळ जॅकच्या भरवशावर तिच्याखाली शिरणे म्हणजे प्राणाशी खेळ. गंजलेल्या नटांना आदल्या दिवशीच तेल पाजावे. सांध्यातील गॅस्केट नवे घालावे. सर्व नट आधी सैल ठेवावेत आणि नळी सरळ बसल्यावरच आवळावेत. शेवटी इंजिन चालू करून पाहावयाचे ते उघड्या अंगणात. बंद खोलीत कदापि नाही, कारण कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि दयाही नाही. हे सारे नीट करणारा मुलगा माझ्या मते शाबासकीस पात्र आहे.

आता शंकेविषयी. सायलेन्सर हा नुसता पोकळ डबा नव्हे. त्याच्या आत कप्पे व छिद्रे पाडलेल्या नळ्या असतात. त्यांत फिरून, आपटून ध्वनिलहरी परस्परांना क्षीण करतात. बाजारातील कित्येक ‘दमदार’ सायलेन्सरांत ही रचनाच जवळजवळ नसते. साध्या मोटारीची शक्ती त्याने फारशी वाढत नाही. वाढतो तो शक्तीचा भास. कोणी तर त्यासोबत कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही काढून टाकतात. प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या धातूंच्या साहाय्याने धुरातील विषारी वायूंचे बऱ्याच अंशी निरुपद्रवी वायूंत रूपांतर करणारा हा भाग. तो काढणे म्हणजे शेजाऱ्याच्या फुप्फुसांवर आपली हौस भागवणे होय.

कायदाही येथे मूक नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्याने वाहनात मनमानी फेरफार करण्यास बंदी घातली आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर ध्वनी व वायुप्रदूषणाची मर्यादा मोडणाऱ्यास 10,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण केवळ दंडाच्या भयाने आलेले शहाणपण टिकत नाही.

कोणी म्हणेल, ‘लग्नातले कर्णे आणि रात्री-अपरात्रीचे फटाके वडीलधाऱ्यांना चालतात; मग आमच्याच गाडीचा आवाज का खुपतो?’ या आक्षेपात तथ्य आहे, हे मी मान्य करतो. किंबहुना दोष प्रथम आम्हां वडिलांकडेच येतो. मुलाने दिवसभर खपून एखादे काम चोख केले, तर ते आमच्या नजरेस पडत नाही. त्याने गोंगाट केला की मात्र आम्ही मान वळवून पाहतो. मग त्याने आपल्या कौशल्याची दवंडी धूरनळीतून पिटली, तर नवल ते काय?

तथापि त्या गल्लीत कोणी आजारी निजलेला असतो, कोणी उद्याच्या परीक्षेचा अभ्यास करीत असतो. त्यांनी आपला काय अपराध केला?

म्हणून त्या विद्यार्थ्याला माझे उत्तर असे: तुझ्या भावाचे हात चुकले नाहीत, निवड चुकली. त्याच हातांनी त्याने गाडीला योग्य असा सायलेन्सर बसवावा. ज्या दिवशी ती गाडी तुझ्या दारावरून गेलेली तुझ्या आजीला कळणारही नाही, त्या दिवशी मला सांग. मी मुद्दाम घरी येऊन त्याची पाठ थोपटीन.