नव्या अल्बमला थोडा वेळ द्या

हिवाळा सुरू झाला की कोलकात्यात कॉलेजांचे फेस्ट आणि मैदानांवरचे बांगला बँडचे कार्यक्रम यांना ऊत येतो. फॉसिल्ससारखा बँड असेल तर गर्दी विचारू नका. १९९८ साली सुरू झालेला हा बँड, गायक रूपम इस्लाम, पहिला अल्बम २००२ चा. पुढच्या अल्बमांपैकी कित्येकांना त्यांनी नाव न देता नुसता क्रमांक दिला. चाहत्यांची एक पिढी या गाण्यांवर कॉलेजातून बाहेर पडली आणि आता त्यांची मुलं कॉलेजात जायच्या वयाला आली आहेत.

अशा कार्यक्रमात एक गोष्ट हमखास दिसते. बँड म्हणतो, ‘आता नवीन गाणं.’ लगेच अर्धी गर्दी चहा-सिगारेटच्या दिशेने हलते. उरलेले फोन बघतात. मग ‘एकला घर’चे पहिले सूर वाजतात आणि तेच लोक धावत परत येतात, शब्दन् शब्द गातात. दुसऱ्या दिवशी चर्चा ठरलेली : ‘आता पूर्वीसारखं राहिलं नाही.’

हे फक्त कोलकात्याचं दुखणं नाही. आमच्या संगीत नाटकाच्या श्रोत्यांनी ‘वन्स मोअर’ हा शब्द जवळजवळ मराठीच करून टाकला. १९१६ साली ‘स्वयंवर’ रंगभूमीवर आलं. बालगंधर्वांची रुक्मिणी एकच पद पुन्हा पुन्हा गायची आणि नाटक रात्रभर चालायचं. त्यात प्रेम होतंच, शंका नाही. पण तेवढा वेळ कथा जागच्या जागी उभी असायची. वन्स मोअर म्हणणारा माणूस कलाकाराला सांगत असतो, तू इथेच थांब, पुढे जाऊ नकोस.

माझं म्हणणं सरळ आहे. नव्या अल्बमवर पहिल्या आठवड्यात दिलेला निकाल बहुतेक वेळा अल्बमविषयी काही सांगत नाही, तो ऐकणाऱ्याच्या सवयीविषयी सांगतो. याचा भारतातला सर्वांत मोठा पुरावा याच शहरात आहे. त्याचं नाव मोहिनेर घोडागुली.

मराठी वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. गौतम चट्टोपाध्याय आणि त्यांच्या भावंडा-मित्रांनी सत्तरच्या दशकाच्या मध्यावर हा बँड उभा केला. नाव जीवनानंद दासांच्या ‘घोडा’ या कवितेतून घेतलं : मोहिनचे घोडे. गौतम नक्षल चळवळीच्या काळात तुरुंग बघून आलेले, पार्क स्ट्रीटवर इंग्रजी गाणी वाजवलेले. त्यांनी बाउल, जॅझ, रॉक सगळं एकत्र करून बंगालीत शहराची गाणी लिहिली. १९७७ ला पहिला अल्बम आला, ‘संबिग्न पाखिकुल ओ कोलकाता विषयक’, म्हणजे अस्वस्थ पक्ष्यांविषयी आणि कोलकात्याविषयी. १९७८ ला दुसरा, १९७९ ला तिसरा.

स्वागत काय झालं? जवळजवळ काहीच नाही. ज्या घरात एका कपाटात रवींद्रसंगीत आणि दुसऱ्यात सिनेमाची गाणी, तिथे हे तिसरं प्रकरण ठेवायचं कुठे, हेच लोकांना कळेना. गिटार घेऊन बंगालीत गाणारी ही पोरं कोण? १९८१ पर्यंत बँड विखुरला. कोणी नोकरीला लागलं, कोणी शहर सोडलं. गौतम सिनेमाकडे वळले.

मग १९९५ साली, कोलकाता पुस्तक मेळ्यात ‘आबार बछर कुडी परे’ हा अल्बम आला. पुन्हा वीस वर्षांनी, असा त्याचा अर्थ, आणि हेही शब्द जीवनानंदांकडूनच घेतलेले. गौतमनी यात स्वतः पुढे न येता नव्या मुलांना गायला लावलं. या वेळी मात्र शहराचे कान तयार होते. जी गाणी कोणाला नको होती, ती तरुणांच्या तोंडी बसली. एनडीएत माझ्या स्क्वाड्रनमधला एक बंगाली कोर्समेट या कॅसेट ट्रंकेत सर्वांत खाली, जर्सीत गुंडाळून ठेवायचा. एक शब्द कळत नसताना मी त्या ऐकल्या. मला तेव्हा वाटायचं, हा बँड तिथे पहिल्यापासून गाजलेला असणार.

१९९९ च्या जूनमध्ये गौतम चट्टोपाध्याय गेले. २००६ साली ‘गँगस्टर’ सिनेमात प्रीतमने संगीत दिलेलं ‘भीगी भीगी’ आलं, गायक बांगलादेशचा जेम्स. ते गाणं तुम्ही नक्की ऐकलं आहे. त्याची चाल मोहिनेर घोडागुलीच्या ‘पृथिबीटा नाकि’ या गाण्याची. सगळा देश ती चाल गुणगुणत होता, तेव्हा गौतमना जाऊन सात वर्षं झाली होती.

इथे मला थांबावंसं वाटतं. ‘मरणोत्तर’ हा शब्द आम्हा फौजी लोकांच्या फार ओळखीचा आहे. सन्मान मरणोत्तर मिळतो तेव्हा तो घरच्यांच्या हातात जातो, आणि तो द्यायलाच हवा. पण रणांगणावर दुसरा इलाज नसतो. गाण्याच्या बाबतीत इलाज असतो. तिथे मरणोत्तर कौतुक म्हणजे नियतीचा खेळ नव्हे, तो आपला आळस असतो. माणूस जिवंत होता, गात होता, तिकीट फार महाग नव्हतं, आणि आपण म्हणालो, हे काय भलतंच.

तिकडे पाश्चात्त्य देशांतही हेच. पंकमधून हार्डकोअर निघालं, अमेरिकेत ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला : वेगवान, कर्कश, दोन मिनिटांत संपणारं. त्यातल्याच काहींना त्या चौकटीचा कंटाळा आला आणि त्यांनी ओरडण्याच्या शेजारी शांतता, तालाचे तुकडे, कविता आणून बसवली. त्याला पोस्ट-हार्डकोअर म्हणतात. स्वीडनमधल्या उमेओ गावच्या रिफ्यूज्ड या बँडने १९९८ साली ‘द शेप ऑफ पंक टू कम’ हा अल्बम काढला. नाव ऑर्नेट कोलमनच्या १९५९ च्या जॅझ अल्बमवरून घेतलेलं. त्यात पंकच्या मध्येच जॅझ आणि इलेक्ट्रॉनिक संगीत येतं. त्याच वर्षी अमेरिकेच्या दौऱ्यात, व्हर्जिनियातल्या एका घराच्या तळघरात शेवटचा कार्यक्रम झाला, तोही पोलिसांनी बंद पाडला, आणि बँड मोडला. पुढे तोच अल्बम या प्रकारातला पाठ्यपुस्तकासारखा मानला गेला. गंमत अशी की २०१२ ला बँड परत आला आणि २०१५ ला ‘फ्रीडम’ हा नवा अल्बम काढला, तेव्हा कित्येक चाहत्यांची तक्रार काय? हा १९९८ सारखा नाही!

आता चाहत्यांची बाजू. ती खोटी नाही. बँडला मोठं करतात ते चाहतेच. पदरमोड करून कॅसेट घेतात, पावसात मैदानात उभे राहतात. जुन्या गाण्यात त्यांची स्वतःची वर्षं अडकलेली असतात. मला एखादं गाणं ऐकलं की एखादी पोस्टिंग डोळ्यांसमोर उभी राहते, तिथला रॉकेलच्या बुखारीचा वास येतो. नवं गाणं कितीही चांगलं असलं तरी त्यात हे काहीच नसतं. ते भरायला वेळ लागतो, आणि तो वेळ आपल्यालाच द्यावा लागतो. म्हणून जुनं आवडणं हा गुन्हा नाही. जुनंच पुन्हा करून दे, ही मागणी मात्र चूक आहे.

सवय किती चिवट असते ते मी इथे रोज पाहतो. फोर्ट विल्यमचं नाव २०२४ च्या अखेरीस विजय दुर्ग झालं, आपल्या सिंधुदुर्गातल्या विजयदुर्गावरून. मराठी माणसाला त्याचा आनंद होणारच. पण टॅक्सीवाल्याला सांगा, तो क्षणभर विचार करून म्हणतो, ‘फोर्ट विल्यम तो?’ त्याचा नव्या नावाला विरोध नाही. जिभेला अजून वळण लागलेलं नाही, एवढंच. अल्बमविषयीची आपली अर्धी मतं याच जातीची असतात.

चाहते ठरवतील तर काय करू शकतात, याचंही उदाहरण याच शहरात आहे. देबब्रत बिश्वास, लोकांचे जॉर्जदा, रवींद्रसंगीत आपल्या ढंगाने गायचे. विश्वभारतीच्या संगीत मंडळाने त्यांच्या ध्वनिमुद्रणांवर आक्षेप घेतले, आणि तेव्हा त्या मंडळाच्या संमतीशिवाय टागोरांचं गाणं प्रसिद्ध करता येत नसे. शेवटी त्यांनी ध्वनिमुद्रण करणं सोडलं. श्रोत्यांनी मात्र त्यांना सोडलं नाही. २००१ च्या अखेरीला टागोरांच्या रचनांचा स्वामित्वहक्क संपला, मंडळाचा अधिकार गेला. जॉर्जदांचा आवाज आजही घरोघरी आहे.

प्रत्येक नाकारलेला अल्बम म्हणजे मोहिनेर घोडागुली नसतो, हेही मान्य. बहुतेक नवे अल्बम साधारण असतात आणि विसरले जातात ते योग्यच. पण कुठला कोणता, हे पहिल्या फेरीत ओळखू येत नाही. एनडीएत पहिल्या टर्मला ज्याच्याकडे कोणी बघत नव्हतं, असा कॅडेट पुढे उत्तम कमांडिंग ऑफिसर झालेला तुम्हीही पाहिला असेल.

म्हणून माझा साधा नियम आहे. नवा अल्बम सलग, मधली गाणी न वगळता, तीनदा ऐकायचा. एकदा रात्री, एकदा प्रवासात, एकदा महिनाभराने. तोवर मत द्यायचं नाही. कार्यक्रमाला गेलो तर नव्या गाण्याला जागेवर उभं राहायचं, चहा नंतर. आणि आवडलं तर ते आत्ताच सांगायचं, पैसे देऊन, टाळ्या वाजवून, गाणारा समोर असताना.