दुपारचा वारा

रोह्याजवळच्या वरसे गावावरून कुंडलिका पश्चिमेला जाते आणि रेवदंडा-कोर्लईपाशी समुद्राला मिळते. तिचं पाणी कोलाडच्या राफ्टिंगने सगळ्यांना ठाऊक झालं, पण मुखाजवळच्या वाऱ्याकडे कोणी बघत नाही. फेब्रुवारी ते मे या महिन्यांत दुपारी जमीन तापली, की वायव्येकडून खारे वारे सुटतात. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून उभा, त्यामुळे हा वारा तिरका येतो आणि पतंगाच्या ओढीवर फळीवरून पाणी कापणाऱ्या काईटसर्फरला किनाऱ्याकडेच ढकलतो. गोव्यात मोरजी, आश्वे, मांद्रे इथे काईटसर्फिंगचा खेळ रुजला तो याच वाऱ्यावर. फळीवर उभं राहायला साधारण बारा नॉट, म्हणजे ताशी बावीस किलोमीटरचा वारा लागतो. त्याहून महत्त्वाचं, तो एकसारखा हवा. मुरूडला जंजिऱ्याच्या तटाआड गेलात तर तोच वारा फुटतो, गिरक्या घेतो आणि वीस-पंचवीस मीटर दोऱ्यांवरचा पतंग एकदम खाली कोसळतो. बेटाजवळ जाण्याचा मोह म्हणूनच टाळावा. पहाटेचे मतलई वारे तर जमिनीकडून समुद्रात वाहतात. त्यात ओहोटी असली की खाडीच्या तोंडाशी उतरणं म्हणजे जीव धोक्यात घालणं. पावसाळ्यात वारा भरपूर, पण झोताझोताने येणारा. तेव्हा कोळी बांधव होड्या वर ओढून ठेवतात, तेच आपणही करावं. आपल्या मुलांनी हा खेळ जरूर शिकावा, मात्र प्रशिक्षक आणि बचावाची होडी असल्याशिवाय पाण्यात उतरू नये, आणि जाळी कुठे लावली आहेत हे आधी कोळीवाड्यात विचारावं.