सुटलेला ब्रेक आणि सुटलेले वाक्य

मराठी गद्याचा विचार करताना आपण कादंबरी, कथा, ललित निबंध, आत्मचरित्र आणि फार तर बखर एवढ्या प्रांतात फिरून परत येतो. ज्या गद्यावर वाचणाऱ्याचे हातपाय, प्रसंगी प्राण अवलंबून असतात, त्या गद्याला, म्हणजे ‘आधी हे करा, मग ते करा’ असे सांगणाऱ्या सूचनापर गद्याला, समीक्षेने आपल्या अंगणात फारसे येऊ दिलेले नाही. हा प्रांत साहित्याच्या अभ्यासकांचाही आहे आणि तो सोडून दिल्याने मराठीचे नुकसान होते, असे माझे म्हणणे आहे. ते हवेत राहू नये म्हणून एकच उदाहरण घेतो, आणि तेही हवेचेच : जुनी बस ओढून न्यायची असेल तर तिचा हवेवर चालणारा पार्किंग ब्रेक कसा सोडवावा.

नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यातील ब्राह्मणपुरीसारखे गाव डोळ्यांसमोर आणावे. उत्तरेला सातपुड्याची रांग, दक्षिणेला तापीचे सपाट खोरे. अशा गावी एखादी जुनी खासगी बस महिनोन्‌महिने उभी राहिली आणि एक दिवस तिला दुरुस्तीसाठी शहाद्याला न्यायचे ठरले, तर काय होईल? ट्रॅक्टर येतो, साखळी बांधली जाते, आणि बस जागची हलत नाही. मागची चाके जमिनीत पुरल्यासारखी घट्ट असतात. जमलेल्यांपैकी कोणी तरी म्हणतो, ‘हवा उतरली.’ निदान अचूक आहे. पण त्यातून पुढे काय करायचे हे कळायला आतली रचना माहीत असावी लागते, आणि ती सर्वसाधारण समजुतीच्या नेमकी उलट आहे.

आपला समज असा की हवा ब्रेक लावते. धावत्या गाडीत पायाने दाबायच्या ब्रेकपुरते ते खरे आहे. पार्किंग ब्रेकमध्ये मात्र हवा ब्रेक लावत नाही, ती ब्रेकला रोखून धरते. मागच्या चाकांजवळच्या डब्यांमध्ये एकेक दणकट स्प्रिंग असते. ब्रेक आवळणे हा तिचा स्वभाव. टाकीतली हवा तिला दाबून ठेवते तेव्हाच चाक मोकळे फिरते. अशा गाड्यांत हवेचा दाब साधारण ७ ते ८ बार असतो. तो बराच खाली आला की स्प्रिंग पसरू लागते आणि ब्रेक आपोआप लागतो. जुन्या बसचे रबरी पडदे आणि नळ्या झिजलेल्या असतात, हवा हळूहळू निसटते आणि उभी गाडी स्वतःच जखडून बसते. हा दोष नव्हे, योजना आहे. जॉर्ज वेस्टिंगहाऊस यांनी १८७० च्या दशकात आगगाडीसाठी जो स्वयंचलित हवाई ब्रेक आणला त्याची रचना वेगळी होती, पण तत्त्व हेच होते : हवा गेली तर गाडी पळू नये, थांबावी. तोरणमाळसारख्या घाटात या तत्त्वाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

मग ब्रेक सोडवायचा कसा? इंजिन चालत असेल तर ते चालू ठेवून टाकी भरू द्यावी. इंजिन बंद असेल तर दुसऱ्या गाडीची किंवा कंप्रेसरची हवा योग्य जोडणीतून द्यावी. दोन्ही शक्य नसेल तर प्रत्येक डब्यावरच्या बोल्टाने स्प्रिंग हाताने मागे खेचून धरावी. हा शेवटचा मार्ग सर्वांत धोक्याचा. डब्याचा पट्टा चुकूनही उघडायचा नसतो, कारण आत दाबलेली स्प्रिंग सुटली तर समोरच्याचा जीव घेऊ शकते. आणि ब्रेक सुटला की त्या बसला थांबवणारे काहीच उरत नाही.

आता भाषेकडे येतो. छापील सूचनापत्रकांत भाषांतरित मराठीचा एक साचा नेहमी भेटतो. त्या साच्यात ही सूचना अशी होईल : ‘ब्रेक मुक्त करण्यात यावेत, मात्र त्यापूर्वी चाके अडवली गेली असल्याची खात्री केली जावी.’ या वाक्यात व्याकरणाचा दोष नाही, दोष क्रमाचा आहे. बसखाली आडवा झालेला माणूस तुकड्यातुकड्याने वाचतो किंवा वर उभ्या असलेल्याकडून ऐकतो. पहिला तुकडा कानी पडताच त्याचा पाना फिरतो. ‘त्यापूर्वी’ हा शब्द पोहोचेपर्यंत बस उतारावर असेल तर निघालेली असते. हीच गोष्ट मराठीच्या स्वभावाने सांगितली तर अशी होते : ‘मोकळ्या राहणार असलेल्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावून, ओढणाऱ्या गाडीशी लोखंडी दांडी जोडून, मगच बोल्ट फिरवा.’ पूर्वकालवाचक धातुसाधिताचा ‘ऊन’ हा प्रत्यय आपण व्याकरणाच्या तासाला शिकवतो आणि परीक्षेनंतर विसरतो. येथे तोच प्रत्यय माणसाचे रक्षण करतो. जे आधी करायचे ते आधी येते, धोक्याचे क्रियापद सर्वांत शेवटी. ही सोय आपल्या वाक्यरचनेत मुळातच आहे. भाषांतराच्या नादात आपण ती टाकून देतो.

दुसरा प्रश्न निवेदकाच्या स्थानाचा. ‘बोल्ट डावीकडे फिरवा’ या वाक्यातली डावी बाजू कुणाची? चालकाची, की बसखाली पाठीवर पडलेल्या मिस्तरीची? ‘बोल्टाच्या डोक्याकडे तोंड करून, घड्याळाच्या काट्यांच्या उलट’ असे म्हटले तर शंका उरत नाही. पण तेही प्रत्येक रचनेला लागू नाही. बोल्ट डब्यातच बसवलेला असेल तर तो साधारणतः उलट फिरवून बाहेर काढतात. तो वेगळा काढून छिद्रातून घालायचा असेल तर त्यावरचा नट सुलट आवळून स्प्रिंग खेचतात. म्हणजे ‘डबा कोणत्या प्रकारचा आहे ते आधी पाहा’ हे वाक्य गाळले तर पुढची सगळी वाक्ये खोटी पडतात. कथेत निवेदक कुठे उभा आहे यावर आपण तासन्‌तास चर्चा करतो. तोच प्रश्न येथे अधिक निकडीने उभा आहे.

शब्दांचीही तीच गोष्ट. ओढून नेण्याला आपल्याकडे रस्त्यावर ‘टोचन’ म्हणतात. इंग्रजीतल्या ‘टो’ आणि ‘चेन’ यांतून घडलेला हा शब्द आज अस्सल मराठी वाटतो. ‘टोचन करून नेली’ हे मराठी मुलखात कुठेही कळेल. याउलट ब्रेकसाठी ‘गतिरोधक’ लिहिले तर वाचकाला रस्त्यावरचा उंचवटा आठवेल. भाषा संचालनालय १९६० पासून परिभाषेचे काम करीत आले आहे आणि त्याची गरज मी नाकारत नाही. पण ब्राह्मणपुरीच्या परिसरात बसखाली शिरणाऱ्याची घरची बोली अहिराणी, गुजरी, भिली किंवा पावरी असू शकते. प्रमाण मराठी ही त्याची दुसरी भाषा. त्याला तिसरी शिकायला लावून आपण काय साधणार?

येथे एक आक्षेप येईल : मिस्तरी हे सगळे तोंडी शिकतात, लिहायचे कशाला? तोंडी शिक्षणाचा मला आदर आहे. पण ‘एवढा आवळ, बस’ यातले ‘एवढा’ हाताने दाखवलेले असते. हात दिसेनासा झाला की शब्द पोकळ होतो. ती पोकळी भरणे हे लेखनाचे काम, आणि ते सोपे नाही.

दुसरा आक्षेप असा की हे साहित्य नव्हे. नसेल. पण ज्या ‘किर्लोस्कर’ मासिकाने मराठी वाचकाची अभिरुची घडवली ते १९२० साली लोखंडी नांगर बनवणाऱ्या कारखान्याचे ‘किर्लोस्कर खबर’ म्हणून निघाले होते, हे विसरू नये. कारखाना आणि साहित्य यांच्यातले अंतर तेव्हा इतके नव्हते. पुढे नारायण सुर्वे यांच्या ‘माझे विद्यापीठ’ने (१९६६) कामगाराला कवितेच्या मध्यभागी आणले. त्याच्या दुःखाला आणि विद्रोहाला आपण दाद दिली, त्याच्या ज्ञानाला मात्र पुरेशी दिली नाही. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) मार्गावर पहिली एसटी धावली. तेव्हापासून आपल्या कथा-कवितांत एसटी भरपूर आली, पण बहुधा खिडकीतून दिसलेली. बसखाली पडून जे दिसते ते लिहायचे राहिले.

म्हणून मराठीच्या प्राध्यापकांना एक सुचवावेसे वाटते. पदवीच्या वर्गाला एकदा गॅरेजमध्ये न्यावे, मिस्तरीचे काम पाहू द्यावे आणि एका पानात ते लिहायला सांगावे. मग ते पान त्याच मिस्तरीला वाचून दाखवावे. गुण त्याने द्यावेत. कोणते वाक्य सुटले हे त्याच्याइतके कुणालाच कळणार नाही.

माझा अंदाज असा की बहुतेकांचे शेवटचे वाक्य सुटेल. बस शहाद्याला पोहोचली, दुरुस्त झाली, हवा भरली, की काम संपले असे वाटते. पण खेचून धरलेले बोल्ट पूर्ववत सोडले नाहीत, तर त्या बसला पार्किंग ब्रेक उरलेलाच नसतो. चालक खटका ओढेल, हवेचा फुस्स आवाजही येईल, आणि चढावर उभी केलेली गाडी मागे सरकू लागेल. ‘ठोकळे जागेवर ठेवूनच बोल्ट पूर्ववत करा आणि ब्रेक धरतो की नाही ते पाहा’ एवढे ते वाक्य. त्यात अलंकार नाही, प्रतिमा नाही. ते योग्य जागी, योग्य शब्दांत लिहिता येणे ही मात्र भाषेचीच कसोटी आहे, आणि भाषा शिकवणाऱ्यांनी ती आपली मानायला हवी.